तळघरात लाकडी जमीन: रिपांवर की डिंपल शीटवर?

अजिंक्यताऱ्याच्या उतारावर घर असलं की खालच्या खोलीची एक भिंत डोंगराच्या पोटात जाते. आमची अशीच आहे, आणि जून ते सप्टेंबर तिथली जमीन सादळलेली. लेकीचा कथकचा रियाज त्याच खोलीत. काँक्रीटवर तत्कार करून तिचे गुडघे दुखायला लागले, म्हणून लाकडी जमीन करायची ठरवली.

तुम्हीही ठरवत असाल तर भर पावसात आधी एवढं करा. दोन फुटांचा प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीवर बंद करून दिवसभर ठेवा. थेंब कागदाखाली जमले तर ओल जमिनीतून येतेय, वर जमले तर हवेतली. आणि उपळ फुटून पाणीच दिसत असेल, तर लाकूड आणूच नका. आधी डोंगराच्या बाजूने चर काढून पाण्याला वाट द्या.

आम्ही पहिल्यांदा रिपा, म्हणजे लाकडी पट्ट्या, जमिनीवर मारल्या. खाली कागद होता, पण सुताराच्या प्रत्येक स्क्रूने त्याला भोक पडलं. वर साधा कमर्शियल प्लाय. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीकडचा प्लाय फुगला. उचलला तर रिपा खालून काळ्या, बोटाने दाबल्या की भुसभुशीत, आणि कडेने वाळवीची मातीची नळी. तरी रिपांचा एक गुण मानावाच लागेल: जमीन उंचसखल असली तरी पाचरी घालून ती पातळीत येते. पायालाही छान लवचीक लागते. ओल नसलेल्या वरच्या मजल्यावर मी आजही रिपाच घेईन.

डिंपल शीट म्हणजे उंचवट्यांचं जाड प्लास्टिक. उंचवटे खाली करून पसरायची, म्हणजे काँक्रीट आणि लाकडात सात-आठ मिलिमीटर पोकळी राहते. सांधे टेपने बंद करायचे. वर 12 मिलिमीटर मरीन प्लायचे (आयएस 710 शिक्का बघून घ्या) दोन थर आडवे-उभे, फक्त एकमेकांना स्क्रूने जोडलेले. स्क्रू 20 मिलिमीटरचेच, म्हणजे शीटला भोक पडत नाही. भिंतीपासून अर्धा इंच जागा सोडायची. जमीन जेमतेम सव्वा इंच चढते. रिपांनी पावणेतीन इंच चढली होती आणि दार खालून कापावं लागलं होतं. मात्र कोबा आधी पातळीत हवा, नाहीतर पाय पडला की प्लाय टकटक वाजतो. त्या कामाला गवंड्याचे दोन दिवस धरा.

ओलसर जमिनीला माझं मत शीटलाच. सांगलीत कृष्णेच्या पुराचं पाणी 2005, 2019 किंवा 2021 साली ज्या तळघरात शिरलं, तिथे मात्र दोन्ही नकोत. फरशीच ठेवा आणि रियाजापुरती उचलता येणारी लाकडी फळी करून घ्या.

शीट टाकलीत तर डोंगराकडच्या कोपऱ्यात प्लायचा फूटभर तुकडा सुटा ठेवा. दर ऑगस्टमध्ये तो काढायचा आणि प्लायच्या खालच्या अंगाला हात लावून बघायचा.