रंगाखाली निघाली लांबी

आमच्या सोसायटीच्या बागेतील पेट्रोलवर चालणारे गवत कापण्याचे यंत्र बारा वर्षांचे झाले होते, आणि ओले गवत आतून चिकटून राहिल्यामुळे त्याचा डेक (पात्यावरचे पत्र्याचे कवच) इंजिनाच्या बैठकीजवळ गंजून चाळणीसारखा झाला होता. नवा डेक मिळेना, म्हणून मी तो एका फॅब्रिकेशनच्या दुकानात नेला. सडलेला भाग कापून 3 मिमीची प्लेट बसवू आणि दोन्ही बाजूंनी सलग वेल्डिंग करू, असे सांगून दुकानदाराने 3,200 रुपये घेतले. ओळखीतून गेलो असल्याने भीडेखातर मी पावतीही मागितली नाही.

चार दिवसांनी डेक हिरव्या रंगात चकाकत परत आला. खालून हात फिरवला तरी जोड लागत नव्हता, आणि त्या गुळगुळीतपणाचे मी चक्क कौतुक केले. तिसऱ्याच कापणीला खडखडाट झाला. माळीकाकांनी इंजिन बंद करून स्पार्क प्लगची वायर काढली व यंत्र आडवे केले, तेव्हा गवतात तळहाताएवढी फिकट गुलाबी ढेप पडलेली दिसली. गाडीचे पोचे बुजवायला गॅरेजवाले भरतात, ती लांबी होती. तिच्यामागे गंजक्या कडांवर वेल्डिंगचे केवळ चार टाके मारून जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेला) पातळ पत्रा अडकवला होता. मिनिटाला सुमारे 3,000 फेरे घेणारे पाते आणि त्यावरचे इंजिन त्या चार टाक्यांच्या भरवशावर होते.

दुकानदार म्हणाला, "जुना पत्रा टाका धरत नाही, जळतो." यात तथ्य आहे; पातळ पत्र्यावर वेल्डिंगचा जाड रॉड आणि जास्त करंट वापरल्यास भोक पडतेच. पण मग प्लेटचे पैसे कशाचे घेतले, याचे उत्तर त्याने दिले नाही.

घरातले साधे लोहचुंबक फिरवले असते, तरी लांबीच्या जाड थरावर ते चिकटले नसते. नेताना आणि आणताना डेक तोलला असता, तरी चोरी कळली असती, कारण एक फूट बाय सहा इंचांची 3 मिमी प्लेट सुमारे 1.1 किलो भरते.

दुसऱ्या कारागिराने माझ्यादेखत चकचकीत लोखंड लागेपर्यंत गंज कापला, 2 मिमीचा पत्रा बसवला आणि तो वाकू नये म्हणून समोरासमोर इंच-इंच असे सीओटू वेल्डिंग (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तारेने केलेले) केले. त्याने 1,800 रुपये घेतले. रंग मारून देऊ का, असे त्याने विचारले, तेव्हा मी घाईघाईने नको म्हणालो.