नॅशनल मेरिटची ‘पहिली पसंती’: आताच नोंदवावी की अनिर्णित ठेवावी?

अमेरिकेत अकरावीच्या ऑक्टोबरमध्ये पीएसॅट ही चाचणी देऊन बारावीच्या फेब्रुवारीत नॅशनल मेरिट या देशव्यापी शिष्यवृत्ती स्पर्धेचे फायनलिस्ट ठरणाऱ्या सुमारे १५,००० विद्यार्थ्यांना स्पर्धेच्या पोर्टलवर पहिल्या पसंतीचे महाविद्यालय नोंदवावे लागते किंवा ‘अनिर्णित’ असे कळवावे लागते. ही नोंद म्हणजे प्रवेश अर्ज नव्हे आणि अर्ली डिसिजनसारखे (निवड झाल्यास तिथेच जाण्याची हमी देऊन केलेल्या लवकरच्या अर्जासारखे) बंधनही नव्हे. परंतु शिष्यवृत्तीचा एक मोठा दरवाजा केवळ तिच्यामुळेच उघडतो.

आधी रकमा पाहू. ही स्पर्धा चालवणाऱ्या नॅशनल मेरिट कॉर्पोरेशनची स्वतःची २,५०० डॉलरची शिष्यवृत्ती एकदाच मिळते, आणि पसंतीच्या रकान्यात काहीही असले तरी प्रत्येक फायनलिस्ट तिच्या स्पर्धेत असतो. प्रायोजक महाविद्यालयाची, म्हणजे या स्पर्धेतून स्वतःच्या पैशाने शिष्यवृत्ती देणाऱ्या महाविद्यालयाची, शिष्यवृत्ती मात्र वर्षाला ५०० ते २,००० डॉलर अशी चार वर्षे मिळते, म्हणजे अधिकाधिक ८,००० डॉलर. आणि ती फक्त त्या महाविद्यालयाला पहिली पसंती देणाऱ्यालाच मिळू शकते. खरा फरक याही पलीकडे आहे. अलाबामा विद्यापीठासारख्या काही संस्था या नोंदीच्या आधारे ट्यूशन (शिक्षण शुल्क) आणि वसतिगृहाचा खर्च सामावणारी स्वतःची मोठी सवलत देतात, आणि तिच्यापुढे ८,००० डॉलर किरकोळ वाटू लागतात.

आता वेळेचा विचार. घरची मिळकत अशी असेल की गरजेवर आधारित मदत मिळणार नाही, पण वर्षाची पूर्ण फीही झेपणार नाही, तर अशा प्रायोजक विद्यापीठाचे नाव त्याने ठरवून दिलेल्या मुदतीत नोंदवणे शहाणपणाचे ठरते. मुदत उलटली की उत्तम गुण असूनही पॅकेज हातचे जाऊ शकते. याउलट, मोठ्या विद्यापीठांचे प्रवेशाचे निकाल मार्चअखेर यायचे असतील आणि मन अजून डळमळत असेल, तर ‘अनिर्णित’ हे उत्तर पूर्णपणे चालते. औपचारिक देकार येण्यापूर्वी पसंती बदलता येते. मात्र एका प्रायोजक महाविद्यालयाने देकार दिल्यावर दुसरे प्रायोजक महाविद्यालय ही शिष्यवृत्ती देऊ शकत नाही. म्हणून ‘नाव टाकून तर पाहू’ ही सवय इथे महागात पडते. माझ्या मते, जिथे प्रवेश मिळाल्यास खरोखर जायची तयारी आहे, अशाच विद्यापीठाचे नाव लिहावे.

हार्वर्ड किंवा स्टॅनफर्ड या संस्था प्रायोजक नाहीत, त्यामुळे त्यांना पहिली पसंती दिल्याने प्रायोजक शिष्यवृत्तीचा प्रश्नच उद्भवत नाही. आयव्ही लीगमधील (हार्वर्डसह आठ नामांकित खासगी विद्यापीठांच्या गटातील) विद्यापीठे गुणवत्तेवर पैसे देत नाहीत, फक्त गरजेवर देतात. मिळकत बेताची असलेल्या कुटुंबाला तिथे मिळणारी मदत कधी कधी प्रायोजक विद्यापीठाच्या पूर्ण सवलतीइतकीही भरते, म्हणून ‘फी जास्त, तेव्हा नकोच’ असे आकडेमोड न करता ठरवू नये. प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील नेट प्राइस कॅल्क्युलेटरमध्ये (मदत वजा जाता पडणारा खर्च सांगणाऱ्या गणकात) आपले उत्पन्न भरून येणारा आकडा प्रायोजक विद्यापीठाच्या पत्रातील आकड्याशेजारी लिहून पाहावा.

त्या पत्रात दोन गोष्टी शोधाव्यात: दरवर्षी नूतनीकरणासाठी किमान किती जीपीए (सरासरी श्रेणी) राखावा लागतो, आणि सवलत ट्यूशनच्या टक्क्यांत आहे की ठरावीक रकमेत, रक्कम ठरावीक असेल तर फी वाढल्यावर वरचा फरक पालकांच्याच खिशातून जातो. पुढे मुलाने दुसरीकडे बदली घेतली तर ही शिष्यवृत्ती त्याच्यासोबत जात नाही, हेही सही करण्यापूर्वी विचारात घ्यावे.