कास पठार: गाईड घेऊनच बघा, सीतेच्या आसवांसाठी तरी

सप्टेंबरच्या शेवटी गेलो होतो, साताऱ्यापासून साधारण २५ किमी, सीझनला ऑनलाईन बुकिंग आधीच करा. गावातलेच एक गाईड काका घेतले आणि पैसे वसूल, कारण सीतेची आसवं त्यांनी अक्षरशः गुडघ्यावर बसायला लावून दाखवली, जांभळं-निळं इवलंसं फूल आणि हे झाड चक्क मांसाहारी आहे! सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा डोंगर, वर मातीचा पातळ थर, त्यात नायट्रोजन कमी, मग जमिनीखालच्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून ते ही कमतरता भरून काढतं. मी तर बघतच राहिले. वीकेंड टाळा, खूप गर्दी असते. आणि प्लीज सेल्फीसाठी फुलांत बसू नका, बघून फार वाईट वाटतं.