कोट्या आवडतात ना? मग बीबीसी रेडिओचं आधी काय लावायचं

ब्रिटिश रेडिओ कॉमेडी म्हटलं की जो तो 'द गून शो' सांगतो आणि नवा माणूस दहा मिनिटांत वैतागून बंद करतो. माझं ऐकाल तर आधी 'आय ॲम सॉरी आय हॅवन्ट अ क्लू' लावा.

१९७२ ला सुरू झालेला हा पॅनेल गेम (विनोदी मंडळी बसून खेळ खेळतात तसला कार्यक्रम), म्हणजे गेम आपला नावाला. जोक सुटे सुटे, एक डोक्यावरून गेला तरी पुढचा सापडतोच. 'अक्सब्रिज इंग्लिश डिक्शनरी' या राउंडमध्ये शब्दाची मोडतोड करून भलताच अर्थ लावायचा, जसं की कार्पेट म्हणजे गाडीत पाळलेलं कुत्रं (हे माझं, त्यांचे बरे असतात). 'मॉर्निंग्टन क्रेसेंट' मध्ये लंडनच्या ट्यूब (मेट्रो) स्टेशनांची नावं घ्यायची, 'मॉर्निंग्टन क्रेसेंट' हे स्टेशन आधी म्हणेल तो जिंकला, नियम कुठलेच नाहीत पण त्यावर वाद मात्र एकदम सिरियसली. खरं स्टेशन १९९८ ला पुन्हा उघडलं तेव्हा याच मंडळींना बोलावलेलं! हम्फ्री लिटलटन, एरवी जॅझ ट्रम्पेटवाले, इथे कंटाळलेल्या आवाजात सूत्रसंचालन करतात, आणि गुण मोजणाऱ्या, पण अस्तित्वातच नसलेल्या सॅमँथाबद्दल असलं काही द्व्यर्थी, चावट निरागसपणे वाचतात की दोन सेकंदांनी पेटते, त्यामुळे घरात स्पीकरवर नको. २००८ ला ते गेले, नंतर कॉमेडियन जॅक डी आला, तोही चांगलाय, पण जुने एपिसोड आधी.

'माय वर्ड!' (१९५६ पासून) हा शब्दांचा क्विझ, वेगळं प्रकरण. विनोदी लेखक फ्रँक म्यूर आणि डेनिस नॉर्डन एखादी म्हण किंवा कवितेची ओळ घेऊन अख्खी गोष्ट रचतात आणि शेवटी ती ओळ तशीच वाटणाऱ्या भलत्या वाक्यात येऊन पडते. एका कोटीसाठी एवढी पेरणी, मला प्रचंड आवडतं, पण मूळ ओळ माहीत नसेल तर सगळं फुस्स. इंग्लिश लिटरेचर केलेल्यांनी मात्र इथूनच सुरुवात करायला हरकत नाही.

आता गून शो, १९५१ ते १९६०. लिहिणारा मुख्यतः स्पाइक मिलिगन, जन्म १९१८, आपल्या अहमदनगरचा, त्यामुळे थोडी आपुलकी आहेच. पण तिथे कोटीपेक्षा आवाजांचा धिंगाणा जास्त, नट पीटर सेलर्स एकटाच चार-पाच जणांचे आवाज काढतो, रेकॉर्डिंग जुनं, स्पीड भयंकर. लालकाका आणि बॅनर्जी ही पात्रं आली की ते भारतीय उच्चार आता कानाला खटकतात. हेडफोन लावून एका वेळी एकच एपिसोड, तोही बाकीचे दोन पचल्यावर.