वाटीखालचे जुनाट दुखणे आणि टिळकवाडीतील एक फिजिओथेरपी केंद्र

गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकाशी, एका बोटाने नेमके दाखवता येते असे दुखणे व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलांमध्ये वारंवार आढळते, आणि आपल्या भागात त्यावर विश्रांती, शेक व वेदनाशामक गोळ्या याच क्रमाने उपचार होत राहतात. खानापूर तालुक्यातील आमच्या संघाच्या एका आक्रमक खेळाडूला मी प्रशिक्षक म्हणून बेळगावात टिळकवाडीतील एका फिजिओथेरपी केंद्रात घेऊन गेलो. तेथे मिळालेली वागणूक इतकी वेगळी होती की ती सविस्तर सांगावीशी वाटते.

पहिल्या भेटीत कोणतेही यंत्र लावले गेले नाही. मुलाला उतरत्या फळीवर एका पायावर बसायला लावून दुखणे त्याच जागी येते का हे पाहिले, कारण वाटीच्या मागे पसरणारे दुखणे वेगळ्या प्रकारचे असते व त्याचे व्यायामही वेगळे असतात. सोबत नेलेल्या सोनोग्राफीच्या अहवालाला त्यांनी फारसे महत्त्व दिले नाही. काहीही न दुखणाऱ्या अनेक खेळाडूंच्या कंडरेतही, म्हणजे वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणाऱ्या टेंडनमध्येही, अहवालातल्यासारखेच बदल दिसतात, हे त्यांनी शांतपणे समजावले. या कंडरेत दुखणे जुनाट झाल्यावर मुख्य दोष सुजेचा नसून तंतूंची मांडणी विस्कटल्याचा असतो. म्हणून नुसत्या विश्रांतीने वेदना थांबते, पण कंडरा भार पेलण्यास आणखी असमर्थ होते आणि मैदानावर परतताच दुखणे उलटते. वर्षभर आमच्या मुलाच्या बाबतीत हेच घडत होते.

उपचार म्हणजे भार, पण मोजून दिलेला. सुरुवातीला गुडघा एका कोनात धरून ४५ सेकंद ताण टिकवायचा, असे पाच वेळा. त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस जड वजनाचे संथ व्यायाम, ज्यात खाली जायला तीन सेकंद आणि वर यायला तीन सेकंद. काही आठवड्यांनी वजन वाढते, आवर्तने पंधरावरून हळूहळू सहापर्यंत उतरतात. उड्या सर्वांत शेवटी. व्यायामात थोडे दुखले तर चालते, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले असता कामा नये. वाढले तर भार कमी करायचा. हा नियम मुलाला लगेच कळला आणि त्याची भीती गेली, जे मला औषधापेक्षा मोलाचे वाटते.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दल मी स्वतः विचारले. डेन्मार्कमध्ये २००९ साली झालेल्या तुलनेत बारा आठवड्यांपर्यंत इंजेक्शन आणि व्यायाम दोन्हींनी आराम पडला, परंतु सहा महिन्यांनी इंजेक्शनचा लाभ ओसरला आणि जड-संथ व्यायामाचा टिकला, असे उत्तर मिळाले. तालमीत बैठका मारणारे पैलवान आणि लष्करभरतीसाठी डांबरी रस्त्यावर धावणारी मुलेही तेथे भेटली. त्यांनाही व्यायाम पूर्ण सोडा असे न सांगता बैठकांची व धावण्याची संख्या घटवून दिली जात होती.

उणिवाही आहेत. व्यायामाचे छापील पान कन्नड व इंग्रजीत आहे. आमच्या खेड्यांतील मुले मराठी शाळांत शिकलेली, त्यामुळे बरेच तोंडी लक्षात ठेवावे लागते. फिजिओ स्वतः मराठीत उत्तम समजावतात, तेव्हा मराठी पान तयार करणे अवघड नसावे. दुसरे म्हणजे, दिलेला कार्यक्रम जिमच्या यंत्रांवर आधारलेला आहे, तर गावात जिम नाही. विचारल्यावर पाठीवर वाळूची पिशवी घेऊन करण्याचा पर्याय मिळाला; तो आधीच सांगायला हवा होता. प्रत्येक भेटीचे शुल्क शेतकरी कुटुंबाला जड आहे, पण भेटी मोजक्याच लागतात, कारण काम घरीच करायचे असते.

मुलाने सराव पुन्हा सुरू केला आहे, पूर्ण सामना अजून नाही. तीन महिने धीर धरण्याची तयारी असेल त्यांनी अवश्य जावे आणि जाताना मागील काही आठवड्यांत किती सराव केला व दुखणे कधी वाढले याची नोंद सोबत न्यावी. पहिल्याच भेटीत तेथे तीच मागितली जाते.