फिक्स्ड की मूव्हेबल? १६-बिट विंडोजच्या डेफ फाइलमधले दोन शब्द

विंडोज ३.० (१९९०) साठी प्रोग्राम लिंक करताना (म्हणजे तयार भाग जोडून चालणारी ईएक्सई फाइल बनवताना) सोबत एक डेफ फाइल, म्हणजे प्रोग्रामचं वर्णन लिहिलेली मजकूर-फाइल, द्यावी लागे. तिच्यात कोड आणि डेटाच्या सेगमेंटपुढे (मेमरीत एकसंध बसणाऱ्या तुकड्यापुढे) ‘फिक्स्ड’ लिहायचं की ‘मूव्हेबल’, हा निर्णय प्रोग्रामरचा असे.

फिक्स्ड म्हणजे सेगमेंट एकदा जिथे बसला तिथेच राहणार. इंटरप्ट (चालू काम थांबवून लक्ष मागणारा, उदाहरणार्थ हार्डवेअरचा, इशारा) हाताळणाऱ्या कोडला हेच हवं, कारण त्याला कधीही हाक येऊ शकते आणि पत्ता बदललेला चालत नाही. पण असा सेगमेंट मेमरीच्या मधोमध अडकला की दोन्ही बाजूंची मोकळी जागा तुटते, मोठा तुकडा मिळत नाही.

मूव्हेबल सेगमेंट विंडोज सरकवू शके. रिअल मोडमध्ये, म्हणजे प्रोग्राम मेमरीचे खरे पत्ते थेट वापरतो त्या प्रोसेसरच्या जुन्या पद्धतीत, हे काम अवघड होतं: कोड हलवला की स्टॅकवरचे (चालू फंक्शन्सची नोंद असलेल्या जागेतले) परतीचे पत्तेही विंडोजला शोधून दुरुस्त करावे लागत. मला हा त्या काळातला सर्वांत देखणा भाग वाटतो. प्रोटेक्टेड मोडमध्ये मात्र प्रोग्रामकडे खरा पत्ता नसून सिलेक्टर, म्हणजे एका तक्त्यातल्या नोंदीचा क्रमांक, असे; तो तोच ठेवून फक्त त्या नोंदीतला (डिस्क्रिप्टरमधला) मूळ पत्ता बदलला की झालं. जोडीला ‘डिस्कार्डेबल’ लिहिलं तर गरजेला कोड टाकून देता येई आणि पुन्हा ईएक्सई फाइलमधून वाचता येई.

साध्या प्रोग्रामसाठी माझं मत निःसंशय मूव्हेबल. फिक्स्ड फक्त इंटरप्टपुरतं. ३२-बिट विंडोजमध्ये प्रत्येक प्रोसेसला स्वतःची पत्त्यांची जागा मिळाली आणि या दोन्ही शब्दांचं कामच उरलं नाही.