इमो लूकची रंगीत बट: ब्लीच की क्लिप?

इमो लूक (एका रॉक संगीतप्रकारावरून आलेली फॅशन) म्हणजे काळे सरळ केस, एका डोळ्यावर उतरलेली तिरकी झुलपं आणि त्यात एक गुलाबी किंवा निळी बट. ही बट दोन प्रकारे मिळते: स्वतःचे केस ब्लीच करून, म्हणजे मूळ रंग काढून, मग रंगवायचे, किंवा रंगीत कृत्रिम केसांची क्लिप लावायची.

ब्लीच केलेली बट झुलपांबरोबर सहज हलते, हेच तिचं खरं सौंदर्य. पण गडद केसांवर नुसता गुलाबी रंग उठत नाही. आधी केसांचा मूळ रंग पिवळा होईपर्यंत उतरवावा लागतो. 20 व्हॉल्यूम डेव्हलपर (ब्लीच पावडरमध्ये मिसळायचं पेरॉक्साइडचं द्रावण) साधारण पावडरच्या दुप्पट घ्या, मिश्रण लावून बट फॉइलमध्ये गुंडाळा आणि दर 10 मिनिटांनी फॉइल उघडून पाहा. केस आधी लालसर, मग नारिंगी होतात. नारिंगीवरच निळा लावला तर मळकट तपकिरी दिसतो, पिवळ्यावर हिरवट. म्हणून पहिल्यांदा गुलाबीच बरा. मेंदी लावलेल्या केसांना मात्र ब्लीच नकोच: काही पाकिटांत धातूचे क्षार असतात, ते तापून केस तुटतात.

क्लिपची बट दोन मिनिटांत लागते आणि शाळेत जाताना काढता येते. भांगाच्या दोन सेंटिमीटर खाली, मुळाशी केस थोडे उलटे विंचरून लावा, म्हणजे घसरत नाही. कृत्रिम केसांना स्ट्रेटनर लावला तर ते वितळतात. झुलपं विरळ असतील तर क्लिप डोकावते. तेव्हा ती कानामागे लावा.

दहावी-बारावीच्या मुलींनी क्लिपच घ्यावी.